खिशातली किल्ली

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला फोरमनने स्वतः पोलिसांना फोन लावला आणि गाडीचा नंबर दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा जरा ओरडूनच, कारण पलीकडचा माणूस बहुतेक काहीतरी चावत होता. राखाडी गाडी, मागच्या काचेला तडा, मालक चौकातला चष्मेवाला. आपल्या फाटकातून भरदिवसा गाडी उचलून नेतात म्हणजे काय! पस्तीस वर्षांच्या गॅरेजला हा पहिलाच डाग. "सोडू नका हो त्या हरामखोराला," असंही तो वर म्हणाला. फोन ठेवला, हात पुसले आणि पोराला हाक मारली. पोराने ओ दिली नाही.

ओ का दिली नाही, ते आता दोन दिवसांनी, या रविवारच्या दुपारी, साऱ्या रस्त्याला ठाऊक झालं होतं. गाडी घेऊन गेला होता तो त्याचाच पोरगा, घरात ज्याला सगळे भिंगरी म्हणत. बायपासच्या पुलाखाली एक माणूस थांबला होता, गाड्या फोडून सुटे भाग विकणारा. त्याच्यापर्यंत गाडी पोहोचलीच नाही. मध्येच पोलिसांची गाडी मागे लागली, बाजाराच्या उतारावर भिंगरीने पोस्टमनला सायकलसकट उडवलं आणि चपलांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर जाऊन आदळला. त्याला स्वतःला कपाळावर चार टाके. पोस्टमनचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला तर राहिला. आणि पोलिसांची ती गाडी चालवत होता या घरचा जावई.

गॅरेजवरच्या खोलीत पंखा फिरत होता. लोखंडी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा फोरमनने न बघताच ओळखलं, धाकटा भाऊ आला. मुलांचा काका वकिलाकडे कारकून होता, बावीस वर्षं. स्वतः वकील नव्हता, पण बोलायला लागला की खुद्द वकीलसाहेबांना वाटावं, आपणच याच्याकडे नोकरीला आहोत.

"उद्या दहाला तुझा जबाब आहे ना दादा?" खुर्ची ओढत तो म्हणाला. "दोन वाक्यांचं काम आहे. नीट ऐक. गाडी तूच पोराला ट्रायलला दिली होतीस. कामाच्या रगाड्यात विसरलास. चष्मेवाला गाडी न्यायला आला, गाडी दिसेना, तू घाबरून फोन केलास. संपलं! चोरीचं कलमच उडालं. उरतो अपघात. तो काय, कोणाच्याही हातून होतो."

"मी विसरलो?"

"साठीला टेकलास. माणूस विसरतो."

"मी आयुष्यात एक नट विसरलो नाही कुणाच्या गाडीत."

"तू नट घेऊन बस! पोरगं आत आहे तिकडे."

"भावोजी म्हणतात ते जरा ऐका ना," स्वयंपाकघराच्या दारातून मुलांची आई म्हणाली. दोन दिवसांत तिने उच्चारलेलं हे बहुधा पाचवं वाक्य असेल. फोरमनने तिच्याकडे बघितलं आणि परत जमिनीकडे बघितलं.

थोरली मुलगी, ताई, खिडकीशी उभी होती. सकाळची ड्यूटी संपवून ती थेट इकडे आली होती, नर्सच्या पांढऱ्या चपला अजून पायात होत्या. पोस्टमन तिच्याच वॉर्डात होता, सहा नंबरच्या खाटेवर. त्याची बायको त्याची खाकी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची, जणू कोणी येऊन टपाल मागणार होतं. आज सलाईनची बाटली बदलताना तिने ताईला विचारलं, "सिस्टर, ज्याने हे केलं त्याचं काय होणार हो?" ताई त्याचीच बहीण आहे हे त्या बाईला कोणी सांगितलं नव्हतं. ताईने बाटली लावली, थेंब मोजले, परत मोजले आणि उत्तर न देताच निघून आली. त्याची लाज तिला अजून वाटत होती.

"काका," ती म्हणाली, "चोरी झालीच नाही म्हटल्यावर हे कोणाच्या मागे धावत होते मग?"

"हे म्हणजे?"

"माझा नवरा. ट्रायलला निघालेल्या मुलाच्या मागे, सायरन लावून, भर बाजारातून?"

काकाने पंख्याकडे बघितलं. हा मुद्दा त्याच्या लक्षात आला नव्हता असं नाही. कोणी काढला तर बघू, एवढंच त्याने ठरवलं होतं. "खात्यातल्या खात्यात चौकशी होईल. होतच असते. दोन-तीन महिने घरी बसतील, मग परत..."

"मागच्या वर्षी अशाच पाठलागात एकाला घरी बसवलं. तो अजून घरीच आहे."

"अगं, नोकरी गेली तर दुसरी मिळते," आई पुढे आली. "भिंगरीचं वय बघ ना. चोविसाव्या वर्षी आत गेला तर माणूस म्हणून बाहेर येईल का तो?"

"आई, मला दोन मुलं आहेत!"

"मग ती मला परकी आहेत का? पण तुझा नवरा बाहेर आहे ताई. हिंडतोय, फिरतोय."

"पोस्टमन नाही हिंडत."

ताईला तिथेच थांबता आलं असतं, पण दोन दिवसांचं साचलेलं होतं. "दोन वर्षांपूर्वी तो बॅटऱ्या चोरणारा सापडला होता, तेव्हा काय म्हणाला होतात काका? असल्यांचे भर चौकात हात तोडले पाहिजेत. बाबांनी कोर्टात उभं राहून सांगितलं, माफी नाही. आठ महिने आत गेला तो. त्याची आई तीन दिवस आपल्या खालच्या पायरीवर बसून होती. तूच तिला पाणी दिलंस ना आई? आणि काय म्हणालीस? बाई, कायदा आहे, मी काय करणार."

"ते पोर आपलं नव्हतं," काका पुटपुटला. निदान खरं तरी बोलला.

"मी खोटं लिहून देणार नाही," फोरमन म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तिघंही त्याच्याकडे वळली. "आणि अर्धंही सांगणार नाही. ती किल्ली फळीवर नव्हती. माझ्या खिशात होती."

काकाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. या घरात वाढलेल्या कोणालाही ते समजावून सांगायची गरज नव्हती. जिन्याखालच्या फळीवर किल्ल्या टांगलेल्या असत. फळीवर किल्ली म्हणजे गाडी रस्त्यावर जायला तयार. ज्या गाडीचे ब्रेक उघडलेत तिची किल्ली फोरमनच्या शर्टाच्या खिशात. त्याने स्वतः गाडी फिरवून, चार वेळा करकचून ब्रेक मारून बघेपर्यंत ती तिथून हलायची नाही. हा नियम त्याच्या वडिलांचा. भिंगरी धड बोलायला लागला नव्हता तेव्हापासून "बाबा, खिसा?" असं विचारून, खिसा चाचपूनच गाडीत चढायचा.

"मागच्या चाकांचे पाइप नुसते हाताने फिरवून ठेवले होते," फोरमन सांगत होता. "पाना मारला नव्हता. हँडब्रेकची केबल सुटी. हळूहळू चालवली तर आठ-दहा वेळा ब्रेक लागेल. एकदा जोरात मारला की पाइप सुटणार आणि पेडल तळाला. आणि किल्ली खिशात! खिशातून काढली त्याने ती. म्हणजे सगळं ठाऊक होतं त्याला. ब्रेक नसलेली गाडी त्याने माणसांत घातली. चोरीचं काय घेऊन बसलात? ठेवा त्याला जन्मभर आत. उद्या साहेबांना मी हेच सांगणार आहे."

"दादा, हे तोंडातून काढू नकोस," काका उठूनच उभा राहिला. "हे निष्काळजीपणाचं राहणार नाही मग. जाणूनबुजून केलं म्हणतील. आठ-दहा वर्षं कुठे गेली नाहीत!"

"पडू देत दहा."

"तुझा मुलगा आहे तो!"

"म्हणूनच!" फोरमनने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "दुसऱ्या कोणाच्या पोराला हा नियम माहीत तरी होता का?" पोस्टमन तीस वर्षं त्याच्या दारात येत होता. उन्हाचा यायचा, पाणी प्यायचा, गाडीखाली डोकं घालून "कोण मेलंय आत?" असं विचारायचा.

आई स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. चहाचं आधण कधीचं उकळत होतं. ते आटत आटत पातेल्याच्या बुडाशी गेलं तरी तिने गॅस बंद केला नाही.

किल्ली खिशात नव्हती. किल्ली फळीवर होती. तिनेच टांगली होती.

शुक्रवारी दुपारी ते वर आले, शर्ट काढून मोरीत टाकला, जेवले आणि आडवे झाले. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस काम अर्धवट असताना शर्ट काढत नाही, हे तिला त्याच्या श्वासाइतकं ठाऊक होतं. शर्ट काढला म्हणजे काम झालं. भिजवायच्या आधी तिने खिसे चाचपले, तर किल्ली. विसरले वाटतं टांगायला, असं म्हणून ती ओल्या हातानेच खाली गेली आणि फळीवरच्या रिकाम्या खिळ्याला लावून आली. शर्टाला ब्रेक ऑइलचा वास येतोय हे तिला मोरीत परत आल्यावर जाणवलं. पण तो वास तर रोजच येतो!

शुक्रवारी संध्याकाळी अपघाताचं कळलं तेव्हाच तिला ती किल्ली आठवली होती. भावोजींची युक्ती तिला आवडली होती ती एवढ्यासाठी नाही की पोरगा सुटेल. ट्रायलला गाडी दिली होती म्हटलं की किल्लीचा विषयच निघाला नसता. स्वतःपुढे हे कबूल करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आता पोरगा दहा वर्षं जाणार होता, तिने टांगलेल्या किल्लीपायी, आणि ती इथे आधण बघत उभी होती.

बाहेरच्या खोलीत फोरमनने खिडकीतून हाक मारली. "जावईबापू, वर या."

जावई तासाभरापासून खाली फाटकाशी उभा होता. ताईला सोडायला आला होता, वर यायची हिंमत झाली नव्हती. या जिन्याने तो लग्नाआधी दोन-दोन पायऱ्या गाळत चढला होता. आज एकेक मोजत आला. खोलीत त्याने कोणाकडे बघितलं नाही.

"बसा," फोरमन म्हणाला. "मला उद्या जबाब द्यायचाय. काय झालं ते पहिल्यापासून सांगा. अहवालातलं नको. ते वाचलं मी पेपरात."

जावई बसला नाही. "रेडिओवर नंबर आला. गाडी मी गुरुवारी इथेच बघितली होती, चहाला आलो तेव्हा. पुलाच्या अलीकडे समोर आली. मी हात केला. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं."

"ओळखलंत?" ताईने विचारलं.

"ओळखलं."

"मला म्हणालात, अपघातानंतर कळलं."

"हो. खोटं बोललो. हात केला तेव्हा तो थांबू शकत होता बाबा. वेग नव्हता. पण पळाला. बाजाराकडे वळला, मग उतार लागला."

फोरमन डोळे मिटून ऐकत होता. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला लागलं की तो असाच ऐकायचा. "उतारावर मागचे लाल दिवे लागत होते का?"

हा प्रश्न जावयाला अपेक्षित नव्हता. साहेबांनी विचारला नव्हता, पेपरवाल्यांनी नाही, बायकोने नाही. दोन दिवस डोळे मिटले की त्याला तेच दिसत होते, तडा गेलेल्या काचेखालचे दोन लाल दिवे. कोणीतरी विचारावं असंही त्याला वाटत होतं आणि कोणी विचारू नये असंही.

"लागत होते."

"किती वेळा?"

"विझतच नव्हते. लागायचे, क्षणभर जायचे, परत लागायचे. पेडल पंप करत होता तो. थेट पायऱ्यांपर्यंत."

फोरमनने डोळे उघडले. "नक्की?"

"नक्की बाबा."

"तुम्हीही ड्रायव्हर आहात. दिवे लागतायत आणि गाडी हळू होत नाही. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. उतार सुरू झाला तेव्हाच कळलं की याचे ब्रेक गेलेत."

"मग मागे का नाही पडलात? सायरन का नाही बंद केलात?"

जावयाने पहिल्यांदाच ताईकडे बघितलं. "शेजारी हवालदार बसला होता. आपल्याकडे जेवून गेलाय तो, त्यानेही भिंगरीला ओळखलं होतं. मी मागे पडलो असतो तर म्हणाले असते, मेहुण्याला सोडलं. म्हणून दाबत राहिलो. दुसऱ्या कोणाचा मुलगा असता ना, तर मी बाजाराच्या तोंडाशीच थांबलो असतो."

"अरे देवा," काका म्हणाला आणि खाली बसला.

"हे अहवालात आहे?" फोरमनने विचारलं.

"नाही."

"आणि मी वेडी इथे तुमच्या नोकरीसाठी भांडत बसले!" ताईचा आवाज फाटला. "माझ्या आईला नाही नाही ते बोलले!" तिने तोंड फिरवलं आणि पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले.

फोरमनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मनाशीच बोलल्यासारखा बोलत होता, एक एक बोट दुमडत. "ब्रेक नाहीत हे ठाऊक असलेला माणूस पेडलवर जीव काढत नाही. आधी गिअर उतरवतो. भिंतीला घासतो गाडी. शिकवलंय मी त्याला, मोकळ्या मैदानात नेऊन शिकवलंय. हा शेवटपर्यंत ब्रेकच मारत राहिला. म्हणजे ब्रेक आहेत असं वाटत होतं त्याला. म्हणजे..." तो थांबला. "म्हणजे खिशातून नाही घेतली त्याने किल्ली. फळीवरून घेतली. पण मी तर टांगली नव्हती."

"मी टांगली," आई दारातून म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. शर्ट, मोरी, ओले हात. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन दिवस मनात तेच चाललं होतं.

"ऑइल सांडलं होतं गं अंगावर," फोरमन म्हणाला. "म्हणून काढला शर्ट."

"मला काय माहीत!"

"विचारायचंस."

"तुमचा डोळा लागला होता."

फोरमन तिच्याकडे बघत राहिला. रागवेल असं सगळ्यांना वाटलं, तिला तर खात्रीच होती. पण त्याच्या मनात राग नव्हता. त्याला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची भयंकर लाज वाटत होती. दोन दिवस तो पोराला ज्या एका गोष्टीसाठी मनातल्या मनात मारत होता, ती पोराने केलीच नव्हती. चोर होता. पण खिशात हात घातला नव्हता त्याने. फोरमन पुढे वाकला, दोन्ही हातांत तोंड धरलं आणि रडला. आई जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

काकाने बराच वेळ धीर धरला. मग त्याच्याने राहवेना. "म्हणजे दादा, आता तर उलट सोपं झालं. वहिनींनी किल्ली टांगली, पोराला वाटलं गाडी तयार, तो गेला ट्रायलला..."

"नाही."

"अरे पण..."

"नाही म्हटलं ना. ट्रायलला नव्हता गेला, विकायला गेला होता. थांब म्हटलं तेव्हा थांबला नाही, तेही त्याचंच. त्याची जी काय शिक्षा असेल ती त्याने भोगायची, मी तिच्यात एक दिवस कमी करा म्हणणार नाही. पण त्या माणसाच्या पायाचं जे झालं ते त्याने एकट्याने नाही केलं. पाना मारायच्या आधी मी गाडी सोडून जेवायला आलो. किल्ली हिने टांगली. आणि हे..." त्याने जावयाकडे बघितलं.

"माझं मी लिहून देईन," जावई म्हणाला. "तुम्ही नका लिहू बाबा. मीच देतो, उद्या सकाळी."

"नोकरी जाईल," ताई खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली.

"जाईल कदाचित."

"कदाचित!" ती वळली. तिला त्याला मारावंसं वाटत होतं. "द्या लिहून. सगळं लिहा. हवालदार जेवायला आला होता, तेही लिहा." आणि खांद्यावर पर्स टाकून ती जिन्याने खाली उतरली. थोड्या वेळाने खालून तिचा आवाज आला, "येताय का, का मी चालत जाऊ?" जावई गेला. त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, पण मोटरसायकलवर त्याच्या मागे बसली.

काकाही उठला. "सगळं घरच रांगेत उभं करणार तू! गॅरेजचा परवाना जाईल, वहिनींना कोर्टात ओढतील. मी या वेडेपणात नाही. मला बोलावूही नका." तरातरा जिना उतरला तो. फाटकापर्यंत गेल्याचंही ऐकू आलं. मग पावलं परत वर आली. दारातच उभा राहून तो म्हणाला, "कागद आण. तुझं अक्षर साहेबांच्या बापाला वाचता यायचं नाही." आणि मग दोन तास बसून त्याने ते लिहिलं, तीन वेळा खोडून, एकही खोटा शब्द न घालता. त्याच्या बावीस वर्षांत असं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं असावं.

सोमवारी दहाला फोरमन आणि आई चौकीत होते. साहेबांनी कागद वाचला, परत वाचला आणि "हे तुम्ही आपणहून देताय?" असं विचारलं. देतोय म्हटल्यावर त्यांनी आईसाठी खुर्ची मागवली. जावयाचा कागद त्यांच्या टेबलावर आधीच आलेला होता. सह्या झाल्या. भेटायला दहा मिनिटं मिळाली. आई खुर्चीतून उठली नाही. फोरमन एकटाच गेला.

भिंगरी गजांशी आला. कपाळावर पट्टी, अंगात कोणाचा तरी मोठा शर्ट. "काकाने वकिलाकडून निरोप दिला होता," तो घाईघाईने म्हणाला, "तुम्ही ट्रायलचं सांगणार म्हणून. सांगितलंत?"

"नाही. गाडी तू चोरलीस असं लिहून दिलं. हात केला तेव्हा थांबला नाहीस, तेही."

भिंगरीने गज धरले. मग तो म्हणाला, "ब्रेक नव्हते बाबा. आईशप्पथ. मी सगळ्यांना सांगतोय, कोणी ऐकतच नाही. फळीवर होती किल्ली, मी ब्रेक मारत होतो, मारत होतो..."

"माहीत आहे. तेही लिहिलंय. तुझी आई आणि मी, दोघांच्या सह्या आहेत. दाजींनी पण लिहून दिलंय."

"दाजींनी?"

"त्यांनी दिवे बघितले होते."

तेव्हा तो रडायला लागला, लहान असताना रडायचा तसा, नाक न पुसता. फोरमनने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "का नेलीस रे?"

"सगळे तेच विचारतात. मला नीट सांगता येत नाही. तो माणूस म्हणाला, तुमच्याकडे तर किल्ल्या टांगलेल्याच असतात. म्हटलं, एकदाच." त्याने गजावर कपाळ टेकलं आणि टाका दुखला म्हणून उचललं. "पोस्टमनकाका?"

"काल संध्याकाळी पाय काढला."

भिंगरी खाली बसला. "किती वर्षं पडतील मला?"

"पडतील तेवढी."

"तुम्ही याल ना भेटायला?"

"येईन. पण दर वेळी आधी त्यांच्याकडे जाऊन येईन, मग तुझ्याकडे. आज सकाळीही तसंच आलोय."

"काय म्हणाले?"

"काही नाही. तोंड फिरवलं भिंतीकडे. त्यांची बायको म्हणाली, जा इथून. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि आलो."

"मग परत कशाला जायचं बाबा?"

"जायचं." शिपाई दाराशी येऊन उभा राहिला होता, वेळ संपली होती. फोरमन गजांजवळ वाकला. "आणि तू ऐक. कोर्ट देईल ती शिक्षा कोर्टाची. माझी वेगळी आहे. सुटशील त्या दिवशी सरळ घरी यायचं नाही. आधी त्यांच्या दारात जायचं. दार उघडलं नाही तर उभं राहायचं. शिव्या दिल्या तर ऐकायच्या. दोन दिवस लागले तर दोन दिवस."

"आणि मग?"

"मग घरी ये."